आहेराची वही

राजेंद्रनगरच्या कार्यालयात, दाराशी, चपलांच्या बाजूला
एक टेबल असतं. त्यावर पांढरी चादर,
स्टीलचा डबा, एक वही, आणि मी.
"शैलामावशीचं अक्षर काय सुरेख!" असं म्हणत
गेली एकोणीस वर्षं ही वही माझ्याकडे देतात.
अक्षर बरं आहे माझं, नाही असं नाही.
पण ज्या वर्षी आमचे हे गेले, त्याच वर्षी
ते एकाएकी सगळ्यांना कसं दिसायला लागलं
हे मी कुणाला विचारलेलं नाही.
इथून बोहलं दिसत नाही. मंगलाष्टकं ऐकू येतात,
शेवटचं "सावधान" तर अगदी स्पष्ट.

टेबलापाशी आलं की माणूस जरा वाकतो.
नमस्कारासाठी नव्हे,
वरची ओळ वाचायला.
परवा घुमरे आले, पाकिटात पाचशे एक.
वर धारकरांचे अकराशे बघितले
आणि म्हणाले, "आलोच हं, गाडीत चष्मा राहिला."
चष्मा नाकावरच होता.
खांबाआड पाकीट उघडल्याचा आवाज झाला.
परतले ते कसे मोकळे, हसरे,
"प्रेम असतं हो वहिनी, आकड्यात काय आहे!"
खोटं नव्हते बोलत. मी चेहरे बघते ना दिवसभर,
त्या घटकेला त्यांना खरंच प्रेम दाटून आलं होतं.
अकराशे एक.
धारकरांपेक्षा एका रुपयानं जास्त.

मुळ्यांचा थोरला दर लग्नात कानाशी येऊन सांगतो,
"माझं नाव नको लिहू मावशी, गुप्त राहू दे."
मग पोहे-जलेबीची बशी घेऊन इथंच घुटमळतो,
ह्या भियाशी बोल, त्या भियाशी बोल,
नजर वहीत.
एकदा मी ओळीत नुसतं "गुप्त" लिहिलं, पुढे पाच हजार.
तासाभरानं आला, वाकला,
आणि चार लोकांना ऐकू जाईल असं विचारलं,
"हे कुणाचं गं?"

एक पोरगं आलं होतं, सहा-सात वर्षांचं,
मुठीत घामानं ओलं झालेलं पाचाचं नाणं.
"माझं पण लिही. अद्वय."
लिहिलं.
"असं नाही. बाबांच्या वर."
वर जागा नव्हती. मी समासात लिहिलं, उभं,
जिना चढल्यासारखं.
त्यानं बघितलं आणि पळून गेला.
एवढ्या वर्षांत सरळ मागणारा तो एकटा.

सगळे जेवायला बसले की डबा मोजायचा,
आणि शेवटी माझी ओळ.
सगळ्या पानभर श्री. व सौ., श्री. व सौ.,
तळाशी मी, श्रीमती. दोनशे एक.
पेन तेच, हात तोच,
तरी माझ्या नावातला श जरा ऐसपैस उतरतो,
खालच्या ओळीत पाय पसरून बसतो.
मुद्दाम करत नाही मी.

ह्या वैशाखात धारकरांच्या नातीचं लग्न.
टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा फलक उभा,
त्याच्यापुढे मोबाईल धरला की पैसे जातात,
नाव आपोआप उमटतं, कुठे ते देव जाणे.
आणि नवरी, हो, नवरी स्वतः
शालू सावरत दारापर्यंत आली,
माझा हात धरला, म्हणाली,
"आजी, आता वही नाही. तुम्ही आत चला,
पहिल्या रांगेत. अक्षता तुमच्या हातून हव्यात मला."
एकोणीस वर्षं मी ह्याच वाक्यासाठी
कान देऊन बसले होते की काय?
मग हात का सोडवून घेतला?
"तू हो पुढे," मी म्हणाले, "इथं वारा बरा लागतो."

पंखा आतच होता.
मी पिशवीतून जुनी वही काढली, निम्मी कोरी होती,
चादर नीट केली,
आणि दारातून येणाऱ्याला विचारलं,
"नाव?"